पाण्याखाली ठेवलेलं नाव

१४ जानेवारी १९८५

आज शाळेच्या हॉलमध्ये सरकारने आमची तुर्की नावं काढून घेतली, बल्गेरियन दिली. बाहेर बर्फ, दारात बंदूकवाले शिपाई, आणि आत टेबलाशी एक मुलगी बसलेली. नखं रंगवलेली! विचारते कशी, "तुम्हाला कुठलं आवडेल, बाई?" जशी काही मी पडद्याचं कापड घ्यायला आलेय. म्हटलं, मला माझंच आवडतं. नाझमिये. तिने मान खाली घातली आणि लिहिलं, नादेझ्दा. माझ्या नवऱ्याचं, रेजेपचं, केलं रादोस्लाव. पोरीचं, गुल्तेनचं, गालिना. गुल्तेन रडली नाही. नुसती माझा हात घट्ट धरून उभी होती.

मग ती मुलगी म्हणाली, "आणि मुलगा?"

रेजेप म्हणाला, "तो नाही आता. तीन वर्षं झाली."

"हो, पण नोंद आहे ना. नाव लागेल."

मेलेल्या पोराला! मागे रांग खोळंबलेली. शेवटी तिनेच ठरवून टाकलं. शाकिरचा झाला स्पास.

१५ जानेवारी

स्पास. सकाळपासून तोंडातल्या तोंडात म्हणून बघतेय. या नावाने हाक मारली तर शाकिर म्हणेल, आई, कुणाला बोलावतेयस?

३ फेब्रुवारी

गावच्या गरम झऱ्यावरच्या हमामात आता आपल्या भाषेत, तुर्कीत, बोलायचं नाही. बोललं की दंड. पण वाफेत, उघड्या अंगाने, गरम पाणी पाठीवर पडल्यावर बाईच्या तोंडून जे निघायचं तेच निघतं. आज म्हातारी हावा "भाजलं गं बाई!" म्हणून ओरडली, आपल्याच भाषेत. लगेच तोंडावर हात. चोरी केल्यासारखी इकडेतिकडे बघायला लागली. स्तामेनाने तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि म्हणाली, "ओरड गं ओरड, मी बहिरी आहे."

वीस वर्षं आम्ही दोघी एकाच हमामात टॉवेल देतो, टब घासतो, रोग्यांच्या पाठी चोळतो. ती बल्गेरियन, मी तुर्क. आजवर याचा हिशेब कधी करावा लागला नव्हता.

१७ फेब्रुवारी

आज गावाचा इतिहास ऐकायला मिळाला! जिल्ह्याहून एक तरुण विद्वान आलाय. हमामासमोर नवीन फलक लावायचाय, पाहुण्यांना गावाची माहिती म्हणून. 'नवरी'पाशी उभा राहून भाषण ठोकत होता. नवरी म्हणजे आमच्या झऱ्याशी पाण्यानेच घडवलेला तो पांढरा सुळका. इथल्या पाण्यात इतका चुना, की जिथे ठिबकतं तिथे दगड वाढतो. आम्ही म्हणतो, ती सैन्यात गेलेल्या नवऱ्याची वाट बघत उभी राहिली आणि दगड झाली. स्तामेनाकडचे म्हणतात, ती तुर्कांपासून पळत होती आणि दगड झाली. लहानपणी यावरून आमच्या मारामाऱ्या व्हायच्या. ती बिचारी मात्र दोन्हींकडून दगडच.

तर विद्वान म्हणाला, रोमन शिपाई इथे न्हायचे. मग म्हणाला, प्राचीन काळापासून या गावाचं नाव कामेन्ना बान्या. मधली तुर्कांच्या राज्याची पाचशे वर्षं गेली कुठे? गिळली!

स्तामेना बादली घेऊन मागे उभी होती. म्हणाली, "अहो साहेब, माझी आजी मरेपर्यंत ताश-इलिजा म्हणायची, जुनं तुर्की नाव. नवं नाव चौतीस साली आलं, मी जन्मले त्या वर्षी. पाटी रेल्वेतून आली, स्टेशनावर लावली. आणि वर्षभर म्हातारी माणसं गाडीतून उतरेनात! कंडक्टर 'कामेन्ना बान्या' ओरडायचा, ही आपली ढिम्म बसलेली. ताश-इलिजा येईल तेव्हा उतरू म्हणून. पुढच्या स्टेशनावरून चालत यायची परत."

पाहुणे खोखो हसले. विद्वान कानापर्यंत लाल. स्तामेनाला दंड झाला नाही.

मीही हसले. पण नंतर टॉवेल पिळताना ती मला समजुतीच्या सुरात म्हणाली, "तेव्हाही लोकांना वाईट वाटलंच की, नाझमे. मग सवय झाली. तुम्हालाही होईल."

म्हटलं, "गावाला आई नसते, स्तामेना."

मी तिच्याशी दिवसभर बोलले नाही. तिचा दोष नाही हे माहीत असून नाही बोलले.

८ मार्च

महिला दिन. कामावर सगळ्या बायकांना एकेक फूल. माझ्या फुलाला चिठ्ठी, 'कॉम्रेड नादेझ्दास'. फूल कुणाचं म्हणून मी तिथेच ठेवून आले.

२० मार्च

पुरुषांच्या हमामाच्या दारावरचा जुना तुर्की शिलालेख आज काढला. काढायला कोणाला सांगावं? रेजेपला! गावात दगडाला हात लावणारा दुसरा कोण आहे. झऱ्याच्या नळांतला चुना खरवडायचा, पाहुण्यांसाठी दगडी गुलाब करायचे, कुणी गेलं की कबरीचा दगड घडवायचा, सगळं तोच.

संध्याकाळी आला तो नेहमीसारखाच भुकटीने पांढराफटक. जेवला नाही. म्हणाला, "अखंड काढता आला असता. म्हणाले, फोड."

"मग?"

"मग फोडला."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

११ एप्रिल

आता कब्रस्तान. पालिकेचा एक बॅगवाला कारकून दारोदार सांगत फिरतोय. दगडांवरची जुनी नावं उन्हाळा संपायच्या आत घालवायची. छिन्नीने घालवा नाहीतर सिमेंट फासा. घरच्यांनी नाही केलं तर पालिकेची माणसं येतील, मग दगड राहील न राहील.

मी म्हटलं, मेलेल्यांनी तुमचं काय घोडं मारलंय हो?

म्हणाला, "बाई, मी हुकमाचा ताबेदार."

मी दार आपटलं. मग दाराला पाठ लावून रडले. शाकिरला सैन्यात बंदूक नाही दिली, आमच्या मुलांना देत नाहीत, फावडं दिलं. कुठल्याशा इमारतीची भिंत अंगावर पडली. पेटी बंद करून पाठवली, उघडू नका म्हणाले. मी त्याचं तोंडही बघितलं नाही. माझ्याकडे काय आहे त्याचं? तो दगड. रेजेपने सबंध हिवाळा बसून कोरलेलं त्याचं नाव. शुक्रवारी जाते, प्रत्येक अक्षरात बोट फिरवते आणि मग परत येते. तेवढंही नको यांना?

१२ एप्रिल

रेजेपच्या डोक्यात काहीतरी शिरलंय. जेवताना मध्येच चमचा ठेवून म्हणाला, "गुलाब कसा करतो मी?"

म्हटलं, आता काय गुलाब सुचताहेत तुला!

"सांग ना."

गुलाब झऱ्याच्या मोठ्या पन्हळीखाली ठेवायचा. पाणी ठिबकत राहतं. काही आठवड्यांत वर दगडाचं पुट चढतं. पाहुणे हौसेने नेतात, घरी काचेच्या कपाटात ठेवतात. आत खरा गुलाब असतो, दिसत नाही एवढंच.

आणि मग माझ्या लक्षात आलं. मी त्याच्याकडे बघतच राहिले.

"छिन्नी लावायची नाही. सिमेंट लावायचं नाही," रेजेप म्हणाला. "पुट चढू द्यायचं. दगड कोरा दिसेल. त्यांना तेच हवंय. हे दिवस गेले की पुट काढून टाकू. घरच्या सुरईवर जमलेलं काढतो तसं, टिचकीने."

किती दिवसांनी त्याचा चेहरा उजळलेला बघितला. मला हसू आलं, रडूही आलं.

१६ एप्रिल

भर दुपारी दगड आणला! नळांच्या ढकलगाडीवर, पोत्याखाली. बॅगवाला समोरून आला, म्हणाला, "काय रादोस्लाव, जड दिसतंय?" रेजेप म्हणाला, "चुना हो, दुसरं काय." त्या रस्त्याने रेजेप रोजच गाडी ढकलत जातो. कोण बघणार?

आता शाकिर पन्हळीखाली आहे. सुरया, गुलाब आणि टोपल्यांच्या मधोमध.

२ मे

कामावर जाता-येता हमामाच्या मागच्या अंगणात, पन्हळीपाशी डोकावते. अक्षरांच्या कडा बोथट व्हायला लागल्यात. बघवत नाही. तरी बघते.

९ जून

'र' गेला. आज बोट फिरवलं तर लागलाच नाही.

१४ सप्टेंबर

दगड परत जागेवर बसवला. पांढरा शुभ्र, गुळगुळीत, वर बारीक लाटा. एक अक्षर दिसत नाही. बाकी कब्रस्तान सिमेंटने बरबटलेलं. हावाच्या नवऱ्याच्या दगडाचा तर कोपराच उडवलाय. त्यात आमचा एकटा लखलखीत.

बॅगवाला तपासायला आला. "वा, हे काम छान झालंय! सगळ्यांनी असंच करायला हवं होतं." शाबासकी! रेजेप खाली मान घालून उभा. मला वाटलं, हसू फुटेल त्याला. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाला, "हसू नाही आलं. वाटलं, मीच केलं हे."

१५ ऑगस्ट १९८६

ईद. उघड करायची नाही, म्हणून कामावर गेले. टॉवेल दिले, टब घासले. सुटल्यावर दगडावर हात ठेवून बसले. ऊन खाऊन दगड गरम झालेला. स्तामेना वाटेत भेटली, ॲप्रनखालून पोळीची पुरचुंडी दिली. म्हणाली, "काही नाही गं, उरली होती." तिच्याकडे कसली आलीय ईद!

२७ जून १९८७

गुल्तेनचं लग्न. पत्रिकेवर गालिना, मौलवी नाही, ढोल नाही. पालिकेच्या हॉलमध्ये उभं राहून सह्या. नवरा मुलगा गरीब आहे, बरा आहे. पाठवणीला तिने माझ्या कानात विचारलं, "आई, शाकिरचं नाव आत आहे ना नक्की?"

म्हटलं, "आहे. बाबांनी ठेवलंय."

४ ऑक्टोबर १९८७

का सुचलं त्याला! म्हणाला, एक कोपरा उघडून बघतो, म्हणजे माझ्या जिवाला शांतता. खालचा कोपरा, सालाच्या आकड्याचा, कुणाच्या नजरेत येणार नाही असा. लाकडी मोगरीने हळूच टिचकी मारली. पुट सुटलं. आणि पुटाबरोबर खालचा दगडही सुटून आला. आकड्यासकट. हातात भाकरीचा तुकडा यावा तसा.

पुन्हा, दुसऱ्या बाजूने. तसंच.

तो खाली बसला. तुकडा उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, "सुरई मातीची असते, नाझमिये. पुट तिच्यावर नुसतं बसतं. हा दगड इथलाच आहे. मीच आणला होता, झऱ्यामागच्या खाणीतून, म्हटलं पोराला आपल्या गावचाच दगड हवा. याच पाण्याने केलेला. पाण्याने आपला दगड ओळखला आणि धरला. आता वेगळं होणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाव आत आहे. आणि निघणार नाही."

आयुष्य चुन्यात घालवलेला माणूस! मला त्याचा इतका राग आला, की त्याच्या डोक्यात काहीतरी घालावं वाटलं. आणि तो असा बसलेला. मी त्याच्या शेजारी बसले. जे त्यांनी करायचं होतं ते आम्हीच करून दिलं, तेही हौसेने, तेही सुबक.

५ ऑक्टोबर

रेजेप आज कामावर गेला नाही.

१९ नोव्हेंबर

रेजेप गुलाब करत नाही आता. पाहुणे विचारतात. सांगतो, पाण्याचा जोर कमी झालाय. पाणी आहे तस्संच आहे.

२३ मे १९८९

रेडिओ कानाला लावून बसतो सगळे. दुसऱ्या गावांत लोक रस्त्यावर आलेत. आमची नावं परत द्या म्हणून ओरडतायत. गोळ्या चालल्या म्हणतात, माणसं मेली म्हणतात. खरं किती, कोण जाणे. आमच्या गावात शांतता. हमाम भरलेला. पाहुणे झऱ्याचं पाणी प्यायचे चोचीचे पेले तोंडाला लावून बागेत फेऱ्या मारतायत, जसं काही झालंच नाही.

२५ मे

सगळं लिहायला हवं.

दुपारी हमामात होते. हावाची नात धावत आली. "नाझमियेकाकू, रेजेपकाका कब्रस्तानात ठोकाठोक करतायत!" पोरगी चक्क 'नाझमिये' म्हणाली, मोठ्याने. सगळ्यांसमोर. मी टॉवेल टाकून तशीच पळाले, ओल्या चपलांनी.

रेजेप दगडासमोर मांडी घालून बसलेला. कोट काढून शेजारी नीट घडी करून ठेवलेला. छिन्नी-हातोडा. त्या पांढऱ्या पुटावरच कोरत होता, पहिल्यापेक्षा मोठी अक्षरं. तीन झाली होती. मी ओरडले, "अरे वेड लागलं का तुला!" तो वळलाही नाही. म्हणाला, "आतलं निघत नाही. मग वर लिहितो."

माणसं जमत गेली. फाटकापाशी स्तामेना, हातात अजून ब्रश. मग शिपाई आला. स्तामेनाचाच पुतण्या, लुचेझार. माझ्या अंगाखांद्यावर खेळलेला, शाकिरच्या वर्गातला. येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता ओढणार. पण तो उभाच राहिला. रेजेप शेवटच्या अक्षराची शेपटी काढत होता. लुचेझारने टोपी काढली, घाम पुसला, परत घातली.

"काका, झालं का?"

"तारीख राहिलीय."

"राहू दे तारीख. उठा आता."

रेजेप उठला. फुंकर मारून भुकटी उडवली. कोट घातला, बटणं लावली आणि त्याच्याबरोबर गेला. मी दगडाजवळ गेले. अक्षरात बोट घातलं. कडा धारदार होत्या, बोट कापलं. इतक्या वर्षांनी शाकिर!

२६ मे

रेजेपला सकाळी सोडलं. गालावर सूज आहे. हातात दोन पासपोर्ट. उद्या संध्याकाळच्या आत देश सोडायचा. कायमचा. गुल्तेनला तिच्या सासरी जाऊन भेटायलाही वेळ नाही.

मी काय म्हणाले ते लिहितेच, लपवून काय करू. म्हणाले, "तू त्याला नाव दिलंस आणि मला त्याच्यापासून तोडलंस. बिननावाचा होता तरी माझ्याजवळ होता. आता कोण जाईल शुक्रवारी? कोण हात लावेल?"

तो म्हणाला, "मला वाटलं, मला मारतील. तुला घालवतील असं नव्हतं वाटलं."



२७ मे

दोन बॅगा. काय घेतलं आणि काय नाही, धड बघितलंही नाही. शेवटी कब्रस्तानात जाऊन यायचं होतं, जाऊ दिलं नाही. फाटकापाशी शिपाई. लुचेझार नव्हता, कुणी परका होता.

स्तामेना स्टेशनावर आली. चीजची गरम पोळी फडक्यात बांधून. इतक्या वर्षांत ती मला एकदाही मिठी मारून रडली नव्हती. आज रडली. "मी जाईन गं शुक्रवारी. मला कोण अडवतंय?" म्हणाली. मग डोळे पुसत म्हणाली, "सवय होईल म्हणाले होते ना मी. जीभ झडली असती तर बरं झालं असतं." मी म्हटलं, असू दे. खरंच असू दे.

गाडी हलली तेव्हा रेजेपने डोळे मिटले. मी पाटीकडे बघत राहिले, वाचता येईना इतकी लांब जाईपर्यंत.

१२ जून, एदिर्ने, तुर्कस्तान

तंबू. रांगा. पलीकडची सरहद्द आता सगळ्यांनाच उघडलीय. रोज हजारो येतात, गाड्यांवर गाद्या, शिलाई मशिनी बांधलेल्या, मधे कोंबलेल्या म्हाताऱ्या. कालच्या गाडीतून गुल्तेन आणि जावई आले. देवाची दया!

नोंदणीच्या टेबलावर गोड बोलणारा तरुण. "काकू, तुमचं खरं नाव सांगा, मनमोकळं सांगा." सांगितलं. म्हणाला, "मुलं किती?" दोन म्हटलं. "दुसरं कुठाय?" रेजेपने माझ्या आधी उत्तर दिलं, "मागे राहिलंय." त्या पोराने मान हलवली. "येईल हो, काळजी करू नका. सगळे येतायत."

६ ऑगस्ट, बुर्सा

नेजिबे पोचली. आमच्या गल्लीतून सगळ्यात शेवटी निघालेलं घर तिचं. सांगत होती, तुम्ही गेल्यावर जो जो निघाला तो आधी कब्रस्तानात गेला. ज्याला छिन्नी धरता येत नव्हती त्याने खिळ्याने, सुरीने, स्क्रूड्रायव्हरने सिमेंट खरवडलं आणि आपल्या माणसाचं नाव लिहिलं. वेडंवाकडं, कसंही. शिपायांनी शेवटी बघणं सोडून दिलं. आता तिथे एकही दगड कोरा नाही. आणि गल्लीत एकही माणूस नाही. गाई दिवसभर हंबरतात, म्हणाली, धार काढायला कुणी नाही.